शुद्ध आली, ताकद आली का? निओस्टिग्मिन आणि सुगामाडेक्स

‘पूर्ण भूल दिली’ म्हटलं की डोळ्यांसमोर एकच इंजेक्शन येतं. टोचलं, माणूस झोपला, ऑपरेशन झालं, जागा झाला. प्रत्यक्षात त्या दोन-तीन तासांत किमान तीन वेगळी कामं चाललेली असतात. एक औषध शुद्ध घालवतं, दुसरं वेदना थांबवतं आणि तिसरं सगळ्या अंगाचे स्नायू सैल पाडतं. या तिसऱ्या औषधाने झोप लागत नाही की दुखणं थांबत नाही. ते फक्त स्नायूंचं काम बंद पाडतं. त्यात श्वासाचे स्नायूही आले, म्हणून तेवढा वेळ श्वासनलिकेत नळी घालून मशीनने श्वास द्यावा लागतो.

हे औषध कशाला हवं? नळी घालताना स्वरयंत्र उघडं आणि स्थिर मिळावं म्हणून. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पोटात गॅस भरून जागा करावी लागते, तेव्हा पोटाची भिंत सैल हवी. ‘पोट कडक लागतंय’ असं सर्जन म्हणाले की भूलतज्ज्ञाचा हात याच सिरिंजकडे जातो. पूर्वी स्नायू सैल करायला ईथरची भूलच खूप खोल न्यावी लागे, आणि तेवढी खोल भूल अनेकांना झेपत नसे. 23 जानेवारी 1942 रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रिअलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या एका रुग्णाला क्युरारे दिलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावायचे ते हे विष. त्या दिवसापासून भूल हलकी ठेवून स्नायू वेगळे सैल करता येऊ लागले.

मी सोलापुरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. थिएटरच्या दाराशी नातेवाईक मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत एकच विचारतात: शुद्ध आली का? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. शुद्ध एका औषधाने गेलेली असते आणि ताकद दुसऱ्याने. दोन्ही एकाच वेळी परत येतील असं नाही. डोळे उघडलेला, हाक मारल्यावर मान हलवणारा रुग्णही गिळायला आणि जोरात खोकायला कमी पडू शकतो. ही उरलेली अशक्तता घालवायला जे औषध देतात त्याला थिएटरमध्ये ‘रिव्हर्सल’ म्हणतात. आज आपल्याकडे अशी दोन औषधं आहेत. जुनं आणि स्वस्त निओस्टिग्मिन, नवं आणि महाग सुगामाडेक्स. ‘नवं चांगलं ना, मग तेच द्या’ असं हल्ली रुग्णही म्हणतात. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

स्नायूच्या दारात काय घडतं

मेंदूची आज्ञा नसेतून येते. नस जिथे संपते तिथून स्नायूपर्यंत एक अतिशय बारीक फट असते. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन त्या फटीत सुटतं, स्नायूवरच्या ग्राहकांवर जाऊन बसतं आणि स्नायू आखडतो. काम झालं की कोलीनएस्टरेज नावाचं एन्झाइम क्षणात त्या ॲसिटिलकोलीनचे तुकडे करतं आणि स्नायू पुढच्या आज्ञेला मोकळा होतो.

एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, ते आठवा. स्नायू सैल करणारं औषध म्हणजे तो रुमाल. सीट अडते, पण बसलेलं कुणीच नसतं. ॲसिटिलकोलीन हा खरा प्रवासी, त्याला जागा मिळत नाही आणि स्नायू ढिम्म राहतो. फरक एवढाच की हे रुमाल सीटला चिकटलेले नसतात. ते सतत उडत असतात, परत पडत असतात. सीट क्षणभर रिकामी झाली की ती रुमालाला मिळणार की प्रवाशाला, हे त्या क्षणी कोणाची संख्या जास्त आहे यावर ठरतं.

यातून रिव्हर्सलचे दोनच मार्ग निघतात. प्रवासी वाढवा, नाहीतर रुमाल उचलून न्या. निओस्टिग्मिन पहिलं करतं, सुगामाडेक्स दुसरं. पुढचे बहुतेक सगळे फरक इथूनच येतात.

निओस्टिग्मिन

निओस्टिग्मिन रुमालाला हातही लावत नाही. ते कोलीनएस्टरेजला रोखून धरतं. ॲसिटिलकोलीन तुटत नाही, साठत जातं आणि जागांच्या चढाओढीत जिंकू लागतं. औषध 1931 पासूनचं, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं आणि जवळजवळ प्रत्येक थिएटरमध्ये सापडणारं.

त्याच्या दोन मर्यादा नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली: सगळं एन्झाइम एकदा रोखलं गेलं की डोस वाढवून काही मिळत नाही, कारण प्रवासी आणखी वाढू शकत नाहीत. जवळजवळ सगळ्या सीटवर रुमाल पडलेले असताना निओस्टिग्मिन दिलं तर ते हरतं. म्हणून स्नायू स्वतःहून बऱ्यापैकी जागे होऊ लागल्यावरच ते द्यायचं असतं. त्याचा पूर्ण परिणाम दिसायलाही साधारण दहा मिनिटं लागतात. टाके संपले, निओस्टिग्मिन दिलं आणि दोन मिनिटांत नळी काढली, ही घाई चुकीची आहे.

दुसरी मर्यादा: ॲसिटिलकोलीन फक्त स्नायूंत नसतं. हृदय, लाळेच्या ग्रंथी, श्वासनलिका, आतडी, सगळीकडे तेच काम करतं. ते वाढलं की नाडी मंदावते, लाळ सुटते, श्वासनलिका आवळू शकते, पोटात कळ येऊ शकते. म्हणून निओस्टिग्मिन कधीच एकटं देत नाहीत. हे परिणाम रोखायला सोबत ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिन असतं. ॲट्रोपिन मेंदूत शिरतं आणि म्हाताऱ्या माणसाला त्याने भ्रम होऊ शकतो, म्हणून बहुतेक जण ग्लायकोपायरोलेट पसंत करतात. त्याने तोंडाला कोरड पडते. ऑपरेशननंतर ‘घसा वाळलाय’ ही तक्रार सारखी ऐकू येते, त्यामागे हेही एक कारण असतं.

आपल्या भागातल्या वाचकाला हे सगळं अनोळखी वाटू नये. सांगोला-पंढरपूरकडे डाळिंब-द्राक्षांवर फवारायच्या ऑर्गनोफॉस्फेट औषधाची विषबाधा झाली की तोंडाला फेस येतो, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, नाडी मंदावते. तिथेही कोलीनएस्टरेजच बंद पडलेलं असतं, फक्त प्रमाण भयंकर असतं आणि बंधन सहजी सुटत नाही. त्यावरही ॲट्रोपिनच देतात. निओस्टिग्मिनचा डोस मोजका असतो, परिणाम तास-दोन तासांत ओसरतो आणि उतारा आधीच सोबत दिलेला असतो.

दुसरी ओळख सापाची. नागाच्या विषातले घटक स्नायूवरच्या त्याच जागा अडवतात ज्या क्युरारे अडवतं. म्हणून नाग चावून पापण्या मिटू लागलेल्या रुग्णाला सर्पविषावरच्या लसीबरोबर निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन देतात, आणि कित्येकदा पापण्या पुन्हा वर उचललेल्या दिसतात. मण्यारीचं विष मात्र मुख्यतः नसेच्या टोकालाच इजा करतं. तिथून ॲसिटिलकोलीन सुटतच नाही, मग एन्झाइम रोखून फारसं काय मिळणार? तालुक्याच्या दवाखान्यात हे जुनं स्वस्त औषध अजूनही जीव वाचवतं. त्याला ‘मागासलेलं’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

सुगामाडेक्स

स्कॉटलंडमधल्या ऑर्गॅनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲन्टन बॉम हे शास्त्रज्ञ रोक्युरोनियम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या जातीची औषधं विरघळवण्यासाठी योग्य पदार्थ शोधत होते. त्यांना सायक्लोडेक्स्ट्रिन सापडलं. ग्लुकोजचे आठ रेणू गोल जोडून बनलेलं, मधे पोकळ असलेलं कडं. रोक्युरोनियम त्या पोकळीत चपखल बसतं हे लक्षात आल्यावर विचार उलटा फिरला. बाटलीत बसतं तर रक्तात का बसू नये? कड्याला ऋणभार असलेले हात जोडले, म्हणजे धनभारित रोक्युरोनियम आत खेचलं जाईल आणि सुटणार नाही. युरोपात 2008 मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेने ॲलर्जीच्या शंकेवरून थांबवून ठेवलं आणि 2015 च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली.

सुगामाडेक्स रक्तात शिरलं की तिथलं मोकळं रोक्युरोनियम पकडतं. रक्तातलं प्रमाण घसरल्यामुळे स्नायूजवळचं औषध रक्तात उतरतं आणि तेही पकडलं जातं. सीटवर रुमालच उरत नाहीत. ॲसिटिलकोलीनला कुणी हात लावलेला नसतो, त्यामुळे लाळ, कळ यांचा प्रश्न येत नाही आणि ग्लायकोपायरोलेट लागत नाही. पकडलेलं औषध लघवीवाटे बाहेर जातं.

वेगात तर तुलनाच नाही. कॉक्रेन संस्थेने 2017 मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. स्नायू थोडे जागे झाल्यावर औषध दिलं तर पूर्ण ताकद यायला सुगामाडेक्सने सुमारे 2 मिनिटं लागली, निओस्टिग्मिनने सुमारे 13. स्नायू अजून खोल सैल असताना दिलं तर 3 मिनिटं विरुद्ध 49. तीन आणि एकोणपन्नास! शेवटच्या टाक्यापर्यंत पोट सैल लागतं अशा ऑपरेशनमध्ये हा फरक रुग्णाला थेट जाणवतो. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये स्नायू आधीच दुबळे असतात आणि रुग्ण निओस्टिग्मिनच्याच जातीच्या गोळ्या घेत असतो. तिथे रोक्युरोनियम आणि सुगामाडेक्स ही जोडी मोठा आधार आहे. खूप लठ्ठ रुग्ण, घोरण्याचा गंभीर आजार, दम्याने आवळलेली छाती, इथेही मी खर्चाचा विचार बाजूला ठेवते.

मग सगळ्यांना का नाही?

कारण सुगामाडेक्स ठरावीक रुमालच उचलतं. रोक्युरोनियम उत्तम, व्हेक्युरोनियम चांगलं. ॲट्राक्युरियम आणि सिसॲट्राक्युरियम यांची घडण वेगळी, ती त्या पोकळीत बसत नाहीत. ॲट्राक्युरियम दिलेल्या रुग्णाला सुगामाडेक्स कितीही टोचलं तरी उपयोग शून्य. आणि ॲट्राक्युरियम आपल्याकडे भरपूर वापरतात, त्याला सबळ कारण आहे. ते शरीराच्या उष्णतेने आणि रक्ताच्या आम्लतेच्या पातळीवर आपोआप तुटतं, बाहेर पडायला किडनी-लिव्हरवर अवलंबून राहत नाही. डायलिसिसवर असलेल्या रुग्णासाठी ते सोयीचं. उलट सुगामाडेक्स किडनीवाटेच बाहेर जातं, म्हणून किडनी गंभीर निकामी असेल तर औषधाच्या माहितीपत्रकातच ते न वापरण्याचा सल्ला आहे.

ॲट्राक्युरियमचा हाच गुण सोलापूरच्या उन्हाळ्यात उलटतो. ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, बाहेर राहिलं तर जोर कमी होत जातो. मे महिन्यात पारा 42-43 ला टेकतो. अशा वेळी अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याच्या नर्सिंग होमला जाताना आम्ही बर्फाची पेटी बरोबर नेतो. रोक्युरोनियमलाही थंडच जागा हवी. व्हेक्युरोनियम कोरड्या पावडरीत येतं आणि थिएटरमध्येच पाणी घालून तयार करतात, म्हणून लांबच्या कामाला ते बरं पडतं. शिवाय व्हेक्युरोनियम दिलं असेल तर दोन्ही रिव्हर्सलचे दरवाजे उघडे राहतात. कोणतं रिव्हर्सल, हा निर्णय खरं तर सुरुवातीला कोणतं औषध निवडलं तिथेच निम्मा झालेला असतो.

किंमतीचं बोलायलाच हवं. सुगामाडेक्स निओस्टिग्मिनपेक्षा कित्येक पटींनी महाग आहे. यंत्रमागावर किंवा विड्या वळून घर चालवणाऱ्या कुटुंबाला बिलातली ती एक ओळ जड जाते. मग बाटली पुरवण्यासाठी कमी डोस देण्याचा मोह होतो. हे मला धोक्याचं वाटतं. कडी कमी पडली तर रक्तातलं रोक्युरोनियम तात्पुरतं पकडलं जातं, रुग्ण जोमाने हालचाल करतो, आणि काही वेळाने इतर ऊतींतून उरलेलं औषध रक्तात येऊन स्नायू पुन्हा सैल पडू शकतात. तेव्हा रुग्ण थिएटरमध्ये नसतो. स्नायू थोडे जागे असतील तर किलोला 2 मिलिग्रॅम, खोल सैल असतील तर 4. वजन आणि खोली मोजून ठरलेला हा डोस परवडत नसेल, तर थांबून, नीट वेळ देऊन पूर्ण डोसाचं निओस्टिग्मिन द्यावं. ते जास्त सुरक्षित.

आणीबाणीचा हिशोब वेगळा. नळी घालण्यासाठी रोक्युरोनियमचा मोठा डोस दिला, नळी जात नाही आणि मास्कनेही श्वास देता येत नाही, अशा वेळी किलोला 16 मिलिग्रॅम सुगामाडेक्स लागतं. 60 किलोच्या माणसाला 960 मिलिग्रॅम, म्हणजे 200 मिलिग्रॅमच्या पाच बाटल्या. त्या फोडून भरेपर्यंत मौल्यवान मिनिटं जातात, आणि स्नायू सुटले तरी सुजलेला घसा उघडेलच असं नाही. म्हणून ते हाताशी असलं तरी श्वासमार्गाची बाकीची तयारी सोडता येत नाही.

सुगामाडेक्सचीही ॲलर्जी होऊ शकते. विरळा, पण कधी गंभीर. नाडी अचानक मंदावल्याच्याही नोंदी आहेत. त्यामुळे ते दिल्यावर काही मिनिटं मॉनिटरवरून नजर हलवायची नाही. ते दिल्यानंतर त्याच दिवशी रक्तस्राव वगैरे कारणाने परत थिएटरमध्ये न्यावं लागलं, तर उरलेली कडी नवं रोक्युरोनियमही पकडतात. तेव्हा ॲट्राक्युरियम कामी येतं.

फुफ्फुसांचे त्रास खरोखर कमी होतात का? अमेरिकेतल्या 12 रुग्णालयांच्या 45 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी 2020 मध्ये प्रसिद्ध झाल्या. न्यूमोनिया, श्वास बंद पडणं असे त्रास सुगामाडेक्सच्या गटात 3.5 टक्के, निओस्टिग्मिनच्या गटात 4.8 टक्के होते. फरक महत्त्वाचा आहे. पण या मागे वळून पाहिलेल्या नोंदी आहेत, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, आणि सगळ्या अभ्यासांत इतका फरक दिसलेला नाही.

अंगठा काय सांगतो

मनगटाजवळच्या नसेवर दोन चिकटपट्ट्या लावून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने विजेचे चार बारीक झटके देतात आणि अंगठा किती हलतो ते यंत्र मोजतं. याला ‘ट्रेन ऑफ फोर’, बोलताना नुसतं टीओएफ म्हणतात. औषधाचा अंमल असेल तर प्रत्येक झटक्याला अंगठा आधीपेक्षा कमी हलतो. चौथी हालचाल पहिलीच्या किमान 0.9 पट भरली, तर नळी काढायला ताकद पुरेशी आली असं धरतात.

डोळ्यांनी पाहून हे कळत नाही. गुणोत्तर 0.4 च्या वर गेलं की अनुभवी माणसालाही चारही हालचाली सारख्याच वाटतात. 0.4 आणि 0.9 यांच्यामधला सगळा धोकादायक पट्टा डोळ्यांना दिसत नाही. ‘मान उचल, पाच सेकंद धर’ ही आमची जुनी परीक्षाही त्या पट्ट्यातले कित्येक रुग्ण पास होतात. कारण सगळे स्नायू एका वेळी सुटत नाहीत. श्वासपटल लवकर सुटतं, घशाचे स्नायू मागे राहतात. रुग्ण श्वास घेतो, सगळं ठीक दिसतं, आणि लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जायची वाट मात्र उघडी असते.

‘एकच डोस दिला होता, तास उलटून गेला, रिव्हर्सल कशाला?’ असं अजून ऐकू येतं. 2003 मध्ये फ्रान्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 526 रुग्णांना सुरुवातीचा एकच डोस देऊन रिव्हर्सल दिलं नव्हतं. रिकव्हरी रूममध्ये पोचताना 45 टक्के रुग्ण 0.9 च्या खाली होते. डोस देऊन दोन तास उलटलेल्यांतही 37 टक्के.

अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचना यंत्राने मोजूनच ठरवा असं सांगतात. रोक्युरोनियम-व्हेक्युरोनियमचा अंमल बऱ्यापैकी शिल्लक असेल तर सुगामाडेक्स, गुणोत्तर 0.4 च्या पुढे गेलं असेल तर निओस्टिग्मिनही चालेल. आपल्यासाठी यातला दुसरा भाग फार मोलाचा आहे. मोजणारं यंत्र असेल तर स्वस्त औषधही सुरक्षितपणे वापरता येतं. छोट्या हॉस्पिटलचे मालक मला विचारतात तेव्हा मी आधी टीओएफ यंत्र घ्या म्हणते. ते एकदाच घ्यायचं आणि रोज वापरायचं. मग आणीबाणीपुरत्या सुगामाडेक्सच्या बाटल्या.

आमच्या कानावर घालायच्या गोष्टी

स्नायू सैल करणारं एक औषध या दोन्ही रिव्हर्सलच्या बाहेर आहे, सक्सिनिलकोलीन. ते पाच-दहा मिनिटांत रक्तातल्या एका एन्झाइमने आपोआप तुटतं. काही कुटुंबांत ते एन्झाइम जन्मतःच कमी असतं आणि मिनिटांचा अंमल तासांवर जातो. दक्षिण भारतातल्या आर्य वैश्य समाजात हे प्रमाण जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे, आणि सोलापुरात तेलुगू भाषिक घरं पुष्कळ आहेत. यात आजार किंवा दोष काही नाही, रोजच्या आयुष्यात त्याचा पत्ताही लागत नाही. पण नात्यात कुणाला साध्या ऑपरेशननंतर बराच वेळ व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं असेल, तर ते नक्की सांगा. आम्ही दुसरं औषध निवडतो.

बायकांनी गर्भनिरोधकाबद्दल संकोच न करता सांगावं. सुगामाडेक्स त्यातल्या संप्रेरकालाही काही प्रमाणात पकडतं. परिणाम एक गोळी चुकल्यासारखा होतो. माला-एनसारख्या गोळ्या किंवा अंतरा इंजेक्शन चालू असेल तर पुढचे 7 दिवस कंडोमसारखं दुसरं साधनही वापरायला हवं. कॉपर-टीला काही होत नाही. हे डिस्चार्जच्या कागदावर बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, म्हणून तुम्हीच विचारा: मला कोणतं रिव्हर्सल दिलं?

वॉर्डात आल्यावर रुग्ण एकाचे दोन दिसतात म्हणाला, पापण्या जड वाटल्या, थुंकी गिळवत नसली, आवाज ओला-घोगरा येत असला किंवा खोकल्यात जोर नसला, तर ‘भूल आहे अजून, झोपू दे’ म्हणून सोडून देऊ नका. पाणी पाजू नका. डोक्याकडची बाजू उंच करा आणि लगेच सिस्टरला बोलवा.